गोव्यात शनिवार, तोही मासे वर्ज्य!

'गोव्याला चाललेय,' असं सांगितलं की लोक एका ठरावीक नजरेने बघतात. 'मज्जा आहे बुवा!' मी म्हटलं, 'पहाटे साडेतीनला उठायचंय. दारू बंद, मासे बंद, तिखट बंद. आणि रात्री नऊला झोपायचंय.' दोन सेकंद शांतता. मग ग्रुपमधला एक जण म्हणाला, 'मग गोव्याला कशाला जातेस? आळंदीला जा ना!'

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. ९ नोव्हेंबर २०२५ चा रविवार होता 'आयर्नमॅन ७०.३ गोवा'चा. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल मारायची आणि मग २१.१ किलोमीटर, म्हणजे एक अख्खी हाफ मॅरेथॉन धावायची. सगळं मिळून ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल. नावातल्या आकड्याचा फंडा एवढाच.

आणि खरं सांगायचं, तर मी दुसऱ्यांदा चालले होते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये याच बीचवरून समुद्रात उतरले होते आणि विसाव्या मिनिटाला बोटीतून परत आले होते. निकालात माझ्या नावापुढे तीन अक्षरं होती, डीएनएफ. डिड नॉट फिनिश. सायकलला हातसुद्धा लागला नव्हता.

सायकल मागे, आपण पुढे

पुण्याहून निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असं आम्ही तिघं गाडीने निघालो. मागच्या रॅकवर तीन सायकली. आंबोलीच्या घाटात चहाला थांबलो, तेव्हा टपरीवाल्या काकांनी सायकलींकडे बघून विचारलं, 'एवढ्या महागाच्या सायकली, मग गाडीतून कशाला नेता?' या प्रश्नावर आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

ट्रायथलॉनवाल्यांचं वेड नवीन नाही. १९७८ मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर जॉन कॉलिन्स या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने तिथल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धा एकाच दिवसात कोंबल्या. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा यांच्यात जास्त दमदार कोण, हा वाद एकदाचा मिटावा म्हणून! १५ जण निघाले, १२ पोहोचले. तो फुल आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर फुल मॅरेथॉन. आपण करतो ते त्याच्या निम्मं. गोव्यात हे पहिल्यांदा २०१९ मध्ये झालं. त्याआधी मराठी माणसाला आयर्नमॅन माहीत झाला तो मिलिंद सोमणमुळे. २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्याने झुरिकची फुल रेस पूर्ण केली आणि गल्लोगल्ली लोक रनिंग शूज घ्यायला निघाले. २०२४ मध्ये नाशिकच्या सैयामी खेरने बर्लिनची ७०.३ केली, तेव्हा माझ्या आईने मला बातमी पाठवली होती. खाली एकच ओळ, 'तू कधी?' त्यानंतर दीडेक महिन्यात माझं ते डीएनएफ झालं. आईने पुन्हा विषय काढला नाही, हे जास्त लागलं.

मिरामार, पण बीचवाला नाही

मांडवी जिथे समुद्राला मिळते, तिथे मिरामार आहे. समोर पलीकडच्या तीरावर आग्वादचा किल्ला. एका बाजूला भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी, जवळच मनोहर पर्रीकरांचं स्मृतिस्थळ. एरवी इथे संध्याकाळी भेळ, आइस्क्रीम आणि वाळूत पळणारी पोरं. रेसच्या वीकेंडला मात्र वेगळीच जत्रा भरते. जो तो दुसऱ्याच्या पोटऱ्या आणि सायकलची चाकं निरखत असतो. 'तुझी कितवी?' 'पहिलीच.' 'कूल!' मला कोणी विचारलं की मी 'दीड' म्हणायचे.

शनिवारी सकाळी मी सगळ्यात आधी पाण्यापाशी गेले. मिरामारचं पाणी म्हणजे पोस्टरवरचं निळंशार पाणी नव्हे. नदीचा गाळ येतो, पाणी मातकट हिरवं दिसतं. आत डोकं घातलं की स्वतःचं मनगटसुद्धा दिसत नाही. पुण्याच्या स्विमिंग टँकमध्ये तळाला काळी रेघ असते, भिंत असते, दमलो की धरायला दांडी असते. इथे काही नाही. पाणी मात्र मस्त कोमट, वेटसूटचा विचारसुद्धा येत नाही. मीठ असल्याने अंग वर राहतं, म्हणजे खरं तर टँकपेक्षा सोपं. हे सगळं मला २०२४ मध्येही माहीत होतं. पण घाबरलेल्या माणसाला फिजिक्स सांगून काही उपयोग नसतो.

त्या वर्षी झालं ते असं. सुरुवातीच्या गर्दीत कोणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली. मी दचकले, श्वास वरच्यावर व्हायला लागला. जास्तीत जास्त हवा आत घ्यायची धडपड, बाहेर सोडायचं भान नाही. आतला कार्बन डायऑक्साइड साठला की शरीराला वाटतं आपण गुदमरतोय, आणि माणूस आणखी घाईने श्वास घेतो. मी एका कयाकची कड धरली. कयाकवरचा मुलगा म्हणाला, 'आराम से, मॅडम.' पण मला वाटलं कयाकला हात लावला म्हणजे खेळ खल्लास. आता धरलीच आहे तर... मी स्वतःच हात वर केला आणि म्हटलं, 'मला बाहेर काढा.'

चुकवलेलं ब्रीफिंग

आता २०२५ ची गोष्ट. शनिवारी रजिस्ट्रेशनची धावपळ असते. ओळखपत्र दाखवा, कागदांवर सह्या करा, मनगटाला बँड, सायकलला आणि हेल्मेटला नंबराचे स्टिकर, टोपी, टायमिंग चिप. मग असतं ब्रीफिंग, नियम समजावून सांगायचं सेशन. २०२४ मध्ये मी ते बुडवून टी-शर्टच्या रांगेत उभी होते. नियम काय, नेटवर वाचलेत ना! यंदा सरांनी, म्हणजे आमच्या कोचनी, दम भरला होता, 'पहिल्या रांगेत बसायचं. वही घेऊन.'

बसले. वहीत लिहिलं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही. पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवायचं, त्याच्या मागे लपून वारा वाचवायचा नाही. ओव्हरटेक सुरू केला की २५ सेकंदांत संपवायचा. कानात इअरफोन नाही. पोहायला १ तास १० मिनिटं, एकूण साडेआठ तास.

आणि मग तो सांगणारा म्हणाला, की पोहताना दमलात, घाबरलात तर कयाक धरा, हवा तितका वेळ धरा. कयाकने तुम्हाला पुढे नेलं नाही, तर तुम्ही रेसमध्येच आहात.

माझं पेन थांबलं. शेजारच्या मित्राने विचारलं, 'काय झालं?' काही नाही म्हटलं. वर्षभर मी स्वतःला सांगत आले होते की मी समुद्राला हरले. खरं म्हणजे एक नियम मला माहीत नव्हता. हसावं की रडावं!

बिछान्यावरचं प्रदर्शन

ताळगावात एका काकींकडे दोन खोल्या घेतल्या होत्या. दुपारी बिछान्यावर सामान मांडलं. हा ट्रायथलॉनवाल्यांचा लाडका कार्यक्रम. पोहायचं एका रांगेत, सायकलचं दुसऱ्या, धावायचं तिसऱ्या. मग डोळे मिटून रेस मनातल्या मनात चालवायची. पाण्यातून बाहेर आले, टोपी काढली, आधी काय लागेल? हेल्मेट. मग? गॉगल, मोजे, बूट. मोज्यांवर थोडी पावडर, कारण ओल्या पायात मोजा चढवताना जी कसरत होते ती बघण्यासारखी असते. मान, काखा, मांड्यांना व्हॅसलिन. खाऱ्या पाण्यात कपडा घासला की काय होतं ते संध्याकाळी आंघोळीला कळतं.

खाण्याचं गणित वेगळं. तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेलं पाहिजे. सायकलचे पावणेचार तास धरले, तर सव्वादोनशे ग्रॅम. दोन बाटल्यांत ७५-७५ आणि २५ ग्रॅमच्या तीन जेल. जेल म्हणजे गोड डिंक, दुसरं काही नाही. शिवाय मिठाच्या गोळ्या, कारण नोव्हेंबरातही गोव्याची हवा दमट आणि घामाचा नुसता नळ सुटतो. यातलं काहीही पहिल्यांदा रेसच्या दिवशी खायचं नाही. सहा महिने लाँग राइडला जे खाल्लं, तेच. सरांचा एकच मंत्र, 'रेस डेला नवीन काही नाही. बूट नाही, जेल नाही, शौर्यसुद्धा नाही.'

चार वाजता सायकल जमा केली. तिथल्या माणसाने ब्रेक बघितले, हेल्मेट बघितलं. टायरमधली थोडी हवा मी स्वतःच सोडली. दुपारच्या उन्हात घट्ट भरलेली ट्यूब फुटते, पहाटे पंप मारून पुन्हा भरायची. शेकडो सायकली ओळीने टांगलेल्या आणि त्यात आपली एक. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाला वर्गात सोडून निघावं तसं वाटलं.

संध्याकाळी दोना पावलापर्यंत फेरी मारायची इच्छा होती. मित्र म्हणाला, 'पाय वर करून पड.' पडले. खिडकीतून शेजारच्या घरातल्या तळणीचा वास येत होता. काकींनी दारातूनच विचारलं, 'बांगडे आणलेत ताजे. एखादा तरी?' आम्ही तिघांनी एकदम मान हलवली. 'कितें जालें गो?' त्यांना वाटलं आम्ही भांडलो. सगळं सांगितल्यावर त्या आत गेल्या आणि उकड्या तांदळाची पेज घेऊन आल्या. 'हे चालेल? आजाऱ्यालाही चालतं.' पेज चालली. 'बांगडे उद्या ठेवते,' म्हणाल्या, 'पोहोचलात तर!'

साडेआठला दिवा बंद. झोप अर्थातच नाही. सर म्हणतात आदल्या रात्री कोणीच झोपत नाही, झोप शुक्रवारची मोजायची. मी छताकडे बघत श्वास सोडायची प्रॅक्टिस करत होते. घ्यायची नाही, सोडायची.

पहाट

साडेतीनला अलार्म. दोन केळी, ब्रेड-जॅम, अर्धा कप कॉफी. पुण्यात सहा महिने हाच नाश्ता. अंधारात मिरामारला पोहोचलो. कोणी पंप मारतंय, कोणी टॉयलेटच्या रांगेत जप करतंय. टायर भरला, बाटल्या लावल्या.

मग वाळू. आकाश फिकं व्हायला लागलं आणि समुद्रातले बॉय, म्हणजे रंगीत फुगे, दिसू लागले. पहिला जवळ. दुसरा लांब. तिसऱ्याकडे मी बघितलंच नाही. एकदम सगळ्यांना सोडत नाहीत, थोडे थोडे सोडतात. यंदा मी मुद्दाम कडेला राहिले, गर्दी पुढे जाऊ दिली.

पहिल्या बॉयपर्यंत छान. दुसऱ्याच्या अलीकडे एका लाटेचं पाणी तोंडात गेलं आणि तेच सगळं पुन्हा सुरू झालं. छाती बांधल्यासारखी. श्वास वर. मला माहीत होतं हे येणार. पाठीवर वळले. आकाश. हवा सोडली. पुन्हा सोडली. तरी थांबेना. डावीकडे कयाक होती. गेले आणि धरली. कयाकवरच्या माणसाने विचारलं, 'बाहर?'

मी म्हटलं, 'नही. बस, थोडा रुकती हूँ.'

किती वेळ धरली होती कोण जाणे, दोन मिनिटं असतील. लोक बाजूने पोहत गेले. कोणी वळून बघितलं नाही, इथे प्रत्येकाला स्वतःचं पुरतं टेन्शन असतं. श्वास जागेवर आला. मी कयाक सोडली.

१ तास ४ मिनिटांनी पायाला वाळू लागली. कटऑफला सहा मिनिटं बाकी! सायकलवर ऊन होतं, वारा होता, एक जेल खिशातून पडली. धावताना शेवटचे पाच किलोमीटर मी चालले, खोटं कशाला सांगू. एकूण ८ तास ३ मिनिटं. फारच साधं टायमिंग. पण डीएनएफ नव्हे. आईला फोटो पाठवला, खाली एकच ओळ लिहिली, 'आज.'

ताळगावला पोहोचलो तेव्हा मला जिना चढवत नव्हता. काकी पायरीवरच बसल्या होत्या. मेडल हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, 'हात धू आधी. तवा तापलाय.'

जाणार असाल तर...

* समुद्राची सवय आधी करा. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरमध्ये सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथे छोट्या अंतरापासून सुरुवात करता येते.
* एकट्याने तिन्ही नको वाटत असेल, तर रिले टीम करा. एक पोहतो, एक सायकल, एक धावतो.
* मुक्काम मिरामार, ताळगाव किंवा दोना पावला भागात घ्या. पहाटे अंधारात लांबून यायचं टेन्शन नको.
* रेल्वेने आलात तर पणजीला करमळी स्टेशन जवळ. सायकल बॅगेत नीट पॅक करून आणा.
* मासे रविवारी. फक्त रविवारी.
* आणि ब्रीफिंगला पहिल्या रांगेत बसा. वही घेऊन.