वजनकाट्यापलीकडचा सल्ला

सल्ला देणे ही जगातील सर्वांत सोपी गोष्ट आहे आणि तो पचनी पडणे ही सर्वांत अवघड. वैद्यकीय सल्ल्याच्या बाबतीत तर हे अंतर अधिकच जाणवते. कारण सांगणारा पांढऱ्या कोटात असतो आणि ऐकणारा काळजीत. अमेरिकेतील स्पॅनिशभाषक समाजाला, म्हणजे ज्यांना तेथे हिस्पॅनिक म्हणतात त्यांना, वजनाविषयी जो सल्ला मिळतो, त्याची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे.

लॉस एंजेलिससारख्या शहरातील एखाद्या वस्तीतील दवाखाना डोळ्यांसमोर आणावा. मेक्सिकोतून येऊन तीस वर्षे झालेली, पंचावन्नच्या घरातील एक आजी तपासणीच्या खोलीत बसली आहे. उंची एक मीटर पंचावन्न सेंटिमीटर, वजन चौऱ्याऐंशी किलो. डॉक्टर संगणकाकडे पाहत म्हणतात, ''तुमचे वजन जास्त आहे. गोड कमी करा, व्यायाम करा.'' ती आदराने मान हलवते, ''सी, दोक्तोर.'' पुढचा रुग्ण बाहेर थांबलेला असतो. नोंदीत 'सल्ला दिला' असे लिहिले जाते. कर्ज मंजूर झाल्याचे पत्र हाती पडावे आणि रक्कम मात्र खात्यात कधीच जमा होऊ नये, त्यातलाच हा प्रकार.

प्रश्न एका आजीचा नाही. 2020 च्या जनगणनेनुसार अमेरिकेत हिस्पॅनिक लोकसंख्या सुमारे 6 कोटी 21 लाख होती. 2017 ते मार्च 2020 या काळातील राष्ट्रीय पाहणीत तेथील एकूण प्रौढांपैकी 41.9 टक्के स्थूल आढळले. हिस्पॅनिक प्रौढांत हे प्रमाण 45.6 टक्के होते. स्थूलतेच्या पाठोपाठ मधुमेह येतो, आणि मधुमेह घरातील मिळवत्या माणसालाच गाठतो. मग औषधे, डोळे, मूत्रपिंड असा खर्चाचा रकाना वाढतच जातो.

स्थूलता मोजण्याचा मापदंडही समजून घेण्यासारखा आहे. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला देहभार निर्देशांक म्हणतात. तेथे 25 च्या पुढे जादा वजन आणि 30 च्या पुढे स्थूलता मानतात. त्या आजीचा निर्देशांक 35 भरतो. या गणिताचा जनक एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले. त्याला एका माणसाचा रोग ओळखायचा नव्हता, समाजाची सरासरी शोधायची होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही 2023 मध्ये केवळ या एका आकड्यावर विसंबू नये, असे धोरण स्वीकारले. ताळेबंदातील एकच ओळ वाचून पेढीची प्रकृती ठरवता येत नाही; तसेच हे आहे.

सल्ला वाटेत हरवण्याचे पहिले ठिकाण म्हणजे भाषा. इंग्रजी कामचलाऊ असलेली व्यक्ती 'वजन कमी करा' एवढे समजते. पण किती, कसे, कशासाठी, हे तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अनेकदा सोबत आलेले शाळकरी नातवंडच दुभाष्याचे काम करते. आजीच्या शरीराविषयीचे अवघड शब्द त्या लेकराने कसे सांगावेत? काही वाक्ये ते भीतीने गिळून टाकते, काही सौम्य करते. तेथील आरोग्यविषयक नियमांनी 2016 पासून, तातडीचा प्रसंग वगळता, अल्पवयीन मुलांना दुभाषे म्हणून वापरण्यास मनाई केली, ती उगीच नव्हे.

दुसरे ठिकाण म्हणजे आदर. त्या समाजात 'रेस्पेतो' हे मोठे मूल्य आहे. वडीलधाऱ्यांपुढे, गुरुजनांपुढे, डॉक्टरांपुढे उलट प्रश्न विचारायचा नाही. त्यामुळे मान डोलते, परंतु मनातील शंका मनातच राहते. डॉक्टर त्या मौनाला होकार समजतात आणि पुढच्या भेटीत वजन तेवढेच दिसले की रुग्णालाच निष्काळजी ठरवतात. शिवाय त्यांच्या घरांत 'गोर्दिता' म्हणजे 'गुबगुबीत' ही लाडाची हाक आहे. मराठी घरांतही 'खात्यापित्या घरची' हे कौतुकच असते. ज्या शब्दात माया आहे, तोच शब्द दवाखान्यात अपराधासारखा उच्चारला गेला, तर मन दुखावते. दुखावलेला रुग्ण पुढची तारीख टाळतो. आणि खरे नुकसान तेथे होते.

तिसरे ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर. छापील आहारपत्रकात परके पदार्थ असतात आणि 'तुमचे जेवणच चुकीचे आहे' असा सूर असतो. वास्तविक त्यांच्या परंपरेतील मक्याची टॉर्टिया, राजम्यासारखी कडधान्ये, टोमॅटो-मिरचीची कच्ची चटणी, नोपाल म्हणजे निवडुंगाची कोवळी पाने, हे सारे उत्तम अन्न आहे. भर पडते ती गोड शीतपेयांची, तळणाची, गोड पावाची आणि दोन पाळ्यांच्या कामामुळे घाईने पोटात ढकलल्या जाणाऱ्या तयार खाद्याची. शिवाय आजी एकटी जेवत नाही. ती आठ जणांसाठी रांधते. तिला एकटीला वेगळे ताट सुचवणे म्हणजे कुटुंबात राहून परके होण्यास सांगणे. सल्ला द्यायचा तर तो संपूर्ण घराला द्यावा लागतो.

मग उपाय नाही काय? आहे, आणि तो सिद्धही झालेला आहे. मधुमेह-प्रतिबंधाच्या एका मोठ्या अमेरिकन प्रयोगाचे निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 3,234 व्यक्ती त्यात होत्या व त्यांत हिस्पॅनिकही होते. ध्येय माफक होते: वजनात 7 टक्के घट आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारखा व्यायाम. फरक एवढाच, की या गटाला एका वाक्याचा उपदेश मिळाला नाही. प्रत्येकाला मार्गदर्शक मिळाला, पहिल्या सहा महिन्यांत सोळा पाठ मिळाले आणि पुढेही विचारपूस होत राहिली. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. औषधाच्या गटात ही घट 31 टक्के होती. वंशानुसार परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे उणीव समाजात नव्हती, सल्ल्याच्या रीतीत होती.

त्या आजीच्या हिशेबात 7 टक्के म्हणजे जेमतेम सहा किलो. 'सडपातळ व्हा' हे तिला अशक्य वाटेल; 'वर्षभरात सहा किलो' हे मात्र हप्त्याहप्त्याने फेडता येईल असे ऋण आहे. त्यासाठी तिच्याच वस्तीतील, तिच्याच भाषेत बोलणाऱ्या आरोग्यसेविका, ज्यांना तेथे 'प्रोमोतोरा' म्हणतात, फार उपयोगी पडतात. त्या घरी येतात, कढईत किती तेल पडते ते पाहतात, शेजारणींना जमवून संध्याकाळी चालायला नेतात. अडचणी उरतातच: या समाजात आरोग्यविमा नसलेल्यांचे प्रमाण गौरवर्णीयांहून बरेच अधिक आहे, आणि वजनावरील नवी औषधे महाग आहेत. म्हणूनच हा साधा, माणसामाणसांतून जाणारा मार्ग अधिक मोलाचा ठरतो.

त्याच खोलीत, त्याच आजीसमोर डॉक्टरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि दुभाष्याकरवी एवढेच विचारले, ''घरी स्वयंपाक कोण करते? आपण पहिल्यांदा काय बदलू शकाल?'' तर कदाचित ती सांगेल, ''जेवणातले शीतपेय बंद करीन. नातवंडांचेही.'' वजनकाटा त्या दिवशी तेवढाच आकडा दाखवील. पण पहिला हप्ता जमा झालेला असेल, आणि तोही सगळ्या घराच्या खात्यावर.