एक जुने येणे

आमच्या पुतण्याचे एका अमेरिकन लेखकाकडे येणे आहे. पैशाचे नव्हे, पुस्तकाचे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या अद्भुतरम्य कादंबरीमालेचा पहिला खंड १९९६ साली निघाला आणि पाचवा २०११ साली. तो पाचवा खंड आमच्या पुतण्याने महाविद्यालयात असताना चार रात्री जागून संपविला. एकंदर सात खंड व्हावयाचे आहेत. सहाव्याची वाट पाहता पाहता त्याचे शिक्षण झाले, नोकरी लागली, विवाह झाला, मुलीचा बाप्तिस्मा झाला. त्या कथेवरील 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका तर पुस्तकांना मागे टाकून २०१९ साली संपूनही गेली. सहावा खंड मात्र आम्ही हे लिहीत आहोत तोपर्यंत आलेला नाही.

रविवारी मिस्साहून परतताना तो आमच्याकडे थांबतो, आणि जेवणाच्या पानावर हा विषय निघाला नाही असा रविवार विरळा. "काका, या माणसाने २०१३ साली एक बंद पडलेले चित्रपटगृह विकत घेतले! मग बोलिंगचा एक जुना अड्डा घेऊन चित्रकारांच्या हवाली केला. आता मित्रांसोबत आगगाडी चालवतो. आणि वेळ उरला की सुपरहिरोंचे सिनेमे पाहून त्यांवर लिहितो. मुंगीमाणसाच्या सिनेमावर लिहायला वेळ आहे, पुस्तकाला नाही!"

आम्ही अशा वेळी आमटी वाढून घेतो. त्याला कारण आहे. आमच्या कपाटात एक निळी वही आहे. आपल्या वसईकडच्या म्हाताऱ्या बायका लग्नात जी गीते म्हणत ती उतरून घ्यावयाची, त्यांचा अर्थ द्यावयाचा आणि पुस्तक करावयाचे, असा संकल्प आम्ही १९९८ साली सोडला. तो अजून वहीतच आहे. मात्र दर वर्षी आगमनकाळ सुरू झाला की आमचे हात मातीकडे वळतात. नाताळच्या गोठ्यातील मेंढपाळ, उंट, विहिरीवरची बाई, ताडीवाला (हा शास्त्राला धरून नाही, ठाऊक आहे) हे सारे आम्ही स्वतः घडवितो आणि रंगवितो. त्यात बरेच दिवस जातात. तेव्हा मार्टिनसाहेबांना दिलेला प्रत्येक दोष भिंतीवर आपटून आमच्याच पानात पडतो.

निव्वळ स्वसंरक्षणासाठी म्हणून आम्ही या गृहस्थांविषयी वाचू लागलो.

मार्टिन यांचा जन्म १९४८ सालचा, न्यू जर्सीतील बेयॉन या बंदराच्या गावचा. कॅथलिक कष्टकऱ्यांचे घर, वडील गोदीत कामाला. शाळेपासून घरापर्यंतच्या चार-पाच गल्ल्या हेच मुलाचे जग. समोरच्या खाडीतून जाणारी जहाजे आणि पलीकडच्या तीरावरचे दिवे एवढाच बाहेरचा वारा. सरकारी वसाहतीत कुत्रे-मांजर पाळण्यास बंदी, म्हणून त्याने बाजारात मिळणारी चिमुकली कासवे पाळली आणि त्यांना एका खेळण्यातल्या किल्ल्यात ठेविले. कासवे काही जगेनात. एकेक करून मरू लागली, तेव्हा मुलाने त्याचा उलगडा केला तो असा, की ती सिंहासनासाठी एकमेकांचा काटा काढीत आहेत! पुढे ज्या राजवाड्यांतील कपटकारस्थानांनी जगभरचे वाचक झोप विसरले त्यांचे बीज त्या कासवांच्या किल्ल्यात आहे, असे ते स्वतःच सांगतात.

आणि सुपरहिरो? आम्ही समजत होतो की हे म्हातारपणी जडलेले खूळ आहे. तसे नाही. १९६३ साली, पंधराव्या वर्षी, त्याने 'फँटॅस्टिक फोर' या कॉमिकला पाठविलेले स्तुतिपत्र छापून आले. त्याच वर्षी टेक्ससच्या हॉवर्ड वॉलड्रॉप नावाच्या मुलाकडून त्याने टपालाने पंचवीस सेंटला एक जुने कॉमिक घेतले. त्यातून पत्रमैत्री जमली आणि दोघेही पुढे लेखक झाले. १९६४ साली न्यूयॉर्कला कॉमिकवेड्यांचे पहिले संमेलन भरले तेव्हा पहिले तिकीट आपण घेतले होते, हे मार्टिन आजही अभिमानाने सांगतात.

त्याच साली 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या नवव्या अंकात वंडर मॅन नावाचे पात्र आले. धंद्यात बुडालेला एक माणूस. खलनायक त्याला अफाट बळ देतो, परंतु अशी मेख मारून की ठरावीक मुदतीत उतारा मिळाला नाही तर मरण अटळ, आणि उतारा खलनायकाच्याच हाती. त्याने वीरांच्या मेळ्यात शिरून दगा द्यावयाचा असतो. ऐन क्षणी तो दगा देण्याचे नाकारतो आणि त्याच अंकात मरतो. आपली पात्रे पूर्ण काळी वा पूर्ण पांढरी का नसतात आणि वाचकाचा लाडका माणूस अचानक का मरतो, याचे मूळ मार्टिन या बारा सेंटच्या अंकात दाखवितात. पुतण्या ज्या एडार्ड स्टार्कच्या शिरच्छेदावर हळहळला त्याचा पूर्वज हा असा निघाला! आम्ही त्याला हे सांगितले तेव्हा त्याचा घास क्षणभर थांबला.

१९८३ साली न्यू मेक्सिकोत मार्टिन यांना वाढदिवसाला एक खेळ भेट मिळाला. मित्रांनी टेबलाभोवती बसून, फासे टाकून, सुपरहिरो बनावयाचे. त्या खेळाने त्यांचे लेखन इतके अडले की अखेर त्यांनी खेळातूनच 'वाइल्ड कार्ड्स' ही अनेक लेखकांची ग्रंथमाला उभी केली. पहिले पुस्तक १९८७ सालचे. त्यात मार्टिन यांनी निर्मिलेला वीर कोण? बेयॉनचाच एक बुजरा, लठ्ठ मुलगा, जो पोलादी कवचात दडून आकाशात संचार करतो. त्याचे पहिले कवच जुन्या फोक्सवागन मोटारीच्या सांगाड्याचे. नाव अर्थातच 'टर्टल', म्हणजे कासव.

तेव्हा 'अँट-मॅन' हा २०१५ सालचा चित्रपट पाहून हा मनुष्य जे लिहितो ते फावल्या वेळाचे लिहिणे राहत नाही. मुंगीमाणूस कॉमिकमध्ये अवतरला तो १९६२ साली, म्हणजे दोघांची ओळख साठ वर्षांची. कथा, स्वभाव, विनोद आणि हाणामारी यांचा तोल साधला म्हणून त्यांनी चित्रपटाची पाठ थोपटली. परंतु नायकाची जी शक्ती तीच खलनायकाला देण्याची या चित्रपटांची खोड आपल्याला कंटाळवाणी वाटते, हेही बजावले. आमच्या मते हा आक्षेप एखाद्या कसलेल्या कीर्तनकाराला शोभणारा आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर आमची सुटका झाली असती. छंद हेच मूळ आणि पुस्तक हे त्याचे फळ, असे म्हणून आम्ही निळ्या वहीवर पांघरूण घातले असते. परंतु मार्टिन स्वतःच हे पांघरूण घेत नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये, मालिकेचा नवा भाग येण्यापूर्वी पुस्तक पुरे होणार नाही हे त्यांना जाहीर करावे लागले, तेव्हा याचे सर्वांत अधिक दुःख मलाच आहे, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. छंदांच्या गर्दीतही तो खंड कुठेतरी टोचत असतो, हे आम्हांला अनुभवाने कळते.

आणि तो पंचवीस सेंटचा मित्र, वॉलड्रॉप. त्याच्या विक्षिप्त, सुंदर कथा फार थोड्यांनी वाचल्या. मार्टिन यांनी अलीकडच्या वर्षांत त्यांवर लघुपट काढविले. डोडो हे पक्षी कुठेतरी परसात अजून जिवंत असतील काय, अशी एक कथा आहे, तिच्यावरही निघाला. वॉलड्रॉप जानेवारी २०२४ मध्ये वारले. पुस्तकाचा वेळ या लघुपटांत गेला असे पुतण्याला म्हणावयाचे असेल तर त्याने म्हणावे. आम्हांला ते जमत नाही.

मात्र आमच्या बाजूलाही एक नोंद आहे. आमची थोरली मावशी त्या लग्नगीतांची खाण होती. एका डिसेंबरात तिने निरोप धाडला, "येऊन जा रे, हळदीची गाणी आठवलीत." आम्ही उंटाची मान जोडीत होतो. नाताळ झाल्यावर येतो, असे कळविले. मावशी राजांच्या सणाच्या आधी गेली. अंत्यविधीला तो उंट गोठ्यात उभा होता, आणि छान दिसत होता.

हे आम्ही पुतण्याला गेल्या रविवारी प्रथमच सांगितले. तो काही बोलला नाही. जेवण झाल्यावर त्याने कपाट उघडून वही काढली, ओटीवर बसून शेवटपर्यंत चाळली आणि मग मागच्या बाजूने कोरी पाने मोजू लागला.

"काका, बत्तीस उरलीत. नंदाखालच्या त्या आजी अजून गातात ना? गुरुवारी मला सुट्टी आहे."

आम्ही म्हणालो, गुरुवारी रंग आणावयास जायचे होते. तो वही घेऊन घरी गेला.