बैठकीचा महिना

आढावा बैठकीत प्रत्येक खात्याचा आकडा समाधानकारक असावा, आणि त्याच सायंकाळी तलासरीकडल्या एखाद्या पाड्यावर गेल्यास निम्म्या घरांच्या दारांना नुसती कुडाची ताटी ओढलेली दिसावी, असा अनुभव चाकरीच्या आरंभीच आल्यामुळे, समन्वय म्हणजे सर्वांना एका टेबलाभोवती बसवून इतिवृत्तावर सह्या घेणे, ही माझी समजूत ढळू लागली. माणसे कोठे गेली, असे विचारता एक म्हातारी म्हणाली, "जगायला."

डहाणू-तलासरीचे वर्ष मार्चअखेर संपत नाही; भातकापणी उरकली की ते दिवाळीलाच संपते. मग कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर वा सीमेपलीकडे गुजरातेत उतरतात. भट्टीमालकाची उचल तर पुष्कळांनी, घरातले धान्य सरलेले असताना, भर पावसातच घेतलेली असते. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने 100 दिवसांचे काम आणि 15 दिवसांत मजुरी देऊ केली खरी. परंतु तांत्रिक मंजुरी आणि हजेरीपट यांच्या वाटेने काम पौषात उघडले, तर त्यावर यायचे कोणी? तीव्र कुपोषित बालक आईच्या कडेवर भट्टीवर गेले, तरी ग्राम बाल विकास केंद्राचा आहार, अमृत आहार योजनेतील अंडी, आरोग्यसेविकेची गृहभेट, सारे यथास्थित चालू राहते. (वजनाच्या दिवशी ते बालक गैरहजर, म्हणून कुपोषणाची टक्केवारीही घटते, अशा घटीबद्दल अभिनंदनाचा ठराव झालेला मी पाहिला आहे.)

पुढे मी, उद्दिष्ट किती साधले, हा प्रश्न वगळून, तुमचे काम कोणाच्या कामावाचून अडले आहे, एवढेच विचारू लागलो. अंगणवाडी सेविकेच्या वजनाच्या वहीत ज्या पाड्यांची नावे वारंवार येत, तेथली मातीकामे आधी उघडावीत, असा आग्रह धरला, तेव्हा एक अभियंता शांतपणे म्हणाले, "साहेब, माझे काम मनुष्यदिवसांत मोजतात, मुलांत नव्हे." त्यांचे म्हणणे रास्त होते. अग्रक्रम ठरवणे म्हणजे कोणाच्या तरी आकड्याला मागे बसवणे, आणि त्याचा जाब पुढे त्या गृहस्थानेच द्यावयाचा. म्हणून वरिष्ठांकडून तसा लेखी हुकूम मिळवीपर्यंत मी त्यांना तगादा केला नाही.

त्या वर्षी कामे कार्तिकात उघडली. काही कुटुंबे थांबली. ज्यांनी आषाढातच उचल घेतली होती, ती गेली. पुढल्या वर्षीची बैठक आम्ही ज्येष्ठात घेतली.