पहिला, पण कोणांत?

घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावण्याचा मोह मला आयुष्यात एकदाच झाला. बी. ए. च्या शेवटच्या वर्षास होतो. मामांबरोबर मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर गेलो असता, पुस्तकात एका घोड्याच्या नावापुढे लागोपाठ तीन विजय दिसले आणि खानावळीचे पैसे मी त्याच्यावर लावून मोकळा झालो. घोडा सातवा आला. जिंकला तो मागील दोन शर्यतींत पाचवा-सहावा आलेला!

मामा शांतपणे म्हणाले, “तीनदा जिंकला हे पाहिलेस, कोणांत जिंकला, ते पाहिलेस का?”

वाचकहो, सारे मर्म त्या प्रश्नात आहे. कामगिरी पाहून घोड्यांना गुण देतात व त्यांवरून त्यांचे वर्ग पाडतात. जिंकणाऱ्याचे गुण वाढतात आणि तो वरच्या वर्गात चढतो. हरणारा खाली उतरतो. एकाच शर्यतीत ज्याचे गुण अधिक, त्याच्या पाठीवर वजनही अधिक. एका गुणास अर्धा किलो. माझ्या घोड्याचे तिन्ही विजय खालच्या वर्गातले होते. त्या दिवशी तो प्रथमच वर आला होता; पाठीवर वजन हलके असूनही तेथील वेग त्यास झेपला नाही. जिंकलेला घोडा वरच्या वर्गात हरून खाली उतरला होता. जड वजन घेऊनही तो पुढे गेला. अर्थात वरून उतरलेला प्रत्येक घोडा जिंकतोच असे नाही. पुष्कळदा वय किंवा दुखापत त्यास खाली आणते. म्हणून नुसता क्रमांक पाहून निवड करणारा फसतो.

तो महिना मी मामांकडे जेवून काढला व पुन्हा पैज लावली नाही.

परवा ताईचा फोन आला. तालुक्यात पहिला येणारा भाचा पुण्याच्या महाविद्यालयात एकतिसावा आला होता. “शिक्षण सोडून परत येतो म्हणतो. हेही म्हणतात, येऊ दे.” ताईचा कंठ दाटून आला होता.

मी विचारले, “ताई, एकतिसावा, पण कोणांत?”

ती गप्प राहिली. मग मी तिला मामांची गोष्ट सांगितली. सांगता सांगता माझ्याच ध्यानात आले : वरच्या वर्गात नव्याने आलेल्या घोड्याच्या पाठीवर वजन कमी ठेवतात, आमच्या भाच्याच्या पाठीवर मात्र आम्ही सर्वांनी अपेक्षांचे ओझे वाढविले होते. ते उतरविणे आमच्याच हाती होते.