बदललेल्या गुडघ्याची न दिसणारी झीज

ईटमध्ये गुडघ्याच्या वाट्या बदललेले रुग्ण मला हमखास विचारतात, "डॉक्टर, आतलं लोखंड गंजणार तर नाही ना?" धातूची काळजी सहसा नसते. खरी काळजी असते धातूच्या मधल्या प्लास्टिकची.

कृत्रिम गुडघ्यात मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीवर धातूची तबकडी आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलीनची गादी असते. चालताना धातू या गादीवर घासतो आणि तिचे अतिसूक्ष्म कण सुटतात. त्यांतले बरेच कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या.

एवढ्याशा कणांनी काय होणार? आपल्या संरक्षक पेशी हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या जी रसायनं सोडतात, त्यांनी हाड खाणाऱ्या पेशी चाळवतात. सांध्याभोवतीचं हाड विरळ होतं आणि घट्ट बसवलेला सांधा सैल पडू शकतो.

ही अडचण जुनी आहे. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यात आधी टेफ्लॉन वापरलं. ते भराभर झिजलं, म्हणून १९६२ मध्ये ते पॉलिथिलीनकडे वळले. पुढे असं दिसलं की, हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं पॉलिथिलीन ऑक्सिजनमुळे हळूहळू ठिसूळ होतं. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत हिऱ्याचं सूक्ष्म टोक पदार्थावर दाबून तो किती दबतो, हे नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागात, मोजतात. अशा अभ्यासांतून पदार्थाची झीज समजत गेली. आज कमी झिजणाऱ्या गाद्या मिळतात आणि बहुतेक गुडघे वीस वर्षंही नीट चालतात.

तरीही तपासणी टाळू नका. "दुखत नाही, तर एक रोज बुडवून बार्शीला कशाला जायचं?" असं एका मावशींनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, "मावशी, हाड विरळ होताना सुरुवातीला दुखतच नाही. ते आधी एक्स-रेमध्ये दिसतं. वेळेत कळलं तर कधी कधी नुसती गादी बदलून भागतं. उशीर झाला, तर अख्खा सांधा बदलावा लागू शकतो."

म्हणून सर्जनने दिलेली तारीख पाळा, इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवा, वजन आटोक्यात ठेवा. नव्याने दुखू लागलं, सूज आली किंवा गुडघा डगमगला, तर तारखेची वाट पाहू नका. सोबत ताप किंवा लाली असेल, तर त्याच दिवशी दाखवा.