लघवीचा नमुना लॅबमध्ये उशिरा पोहोचणार असेल तर?

लघवीला जळजळ होत असेल किंवा थंडी वाजून ताप येत असेल तर आम्ही लघवीचं कल्चर करायला सांगतो. जंतू कोणता, तो किती प्रमाणात आहे आणि त्यावर कोणतं अँटिबायोटिक चालेल, हे त्यातून समजतं. पण नमुना शिळा असेल तर हा रिपोर्ट फसवा ठरू शकतो.

डबी बंद केली तरी आतले जंतू वाढतच राहतात. ई. कोलाय हा जंतू अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. सर्वसाधारणपणे १ मिलिलिटर लघवीत १ लाख किंवा त्याहून जास्त जंतू सापडले की संसर्ग धरला जातो. समजा, त्वचेवरचे १,००० जंतू नमुन्यात मिसळले. ते फक्त ७ वेळा दुप्पट झाले की १,२८,००० होतात!

माझ्याकडे एक गरोदर ताई असाच रिपोर्ट घेऊन आल्या. त्रास काहीच नव्हता, पण घरचे सगळे घाबरलेले. विचारल्यावर कळलं, मे महिन्याच्या उन्हात डबी पाच तास पिशवीतच होती. औषध सुरू करण्याआधी ताजा नमुना पाठवला. त्यात जंतू वाढले नाहीत. गरोदरपणातलं एक अनावश्यक अँटिबायोटिक टळलं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

• शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या. घरून नेणार असाल तर २ तासांच्या आत पोहोचवा.

• उशीर होणार असेल तर डबी घट्ट बंद करून, स्वच्छ पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. २४ तासांच्या आत लॅबला द्या. नेताना सोबत बर्फाची पिशवी ठेवा.

• लॅब दूर असेल तर बोरिक अ‍ॅसिडची डबी मागा. त्यातली पावडर फेकू नका आणि खुणेपर्यंत लघवी भरा. कमी भरली तर औषध जास्त तीव्र होऊन खरे जंतूही मरू शकतात. घरातलं बोरिक मात्र कधीही घालू नका.

• अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या.

• डबीवर नाव आणि वेळ लिहा.

उशीर झालाच असेल तर लपवू नका, तसं लॅबला सांगा. पुन्हा नमुना देणं हे नको असलेलं औषध घेण्यापेक्षा केव्हाही बरं.