दोन उमेदवार

उमेदवार म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे चौकातला फ्लेक्स उभा राहतो. हात जोडलेले, दात दिसताहेत आणि आजूबाजूला गॉगल लावलेली पंचवीस शुभेच्छुक मुंडकी. पण आमच्या वडिलांच्या काळी उमेदवार ही निराळीच जात होती. बिनपगारी, किंवा कुणाला सांगायची लाज वाटावी एवढ्या पगारावर, साहेबाचं लक्ष कधीतरी आपल्याकडे जाईल या आशेवर राबणारा पोरगा म्हणजे उमेदवार. त्याला चहा आणण्यापासून पाना शोधण्यापर्यंत सगळं यावं लागे, आणि काहीच येत नाही असं रोज ऐकून घ्यावं लागे.

ही दुसरी जात नामशेष झाली असं मी समजत होतो. गेल्या वर्षी आमच्या घरात एकदम दोन उमेदवार झाले. त्यातला एक एकवीस वर्षांचा होता. दुसरा साठ वर्षांचा, म्हणजे मी.

त्याचं असं झालं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. उरला एकच शब्द : ‘हां’. भूक लागली, हां. भूक नाही, हां. पंखा लावा, हां. तुला अक्कल नाही, तरी हां. शेवटचा अर्थ मला सुरातून बरोबर कळायचा, कारण त्याची सवय मला लहानपणापासून होती.

इथे अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. 1962 साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते कोयनेला हेल्पर म्हणून चिकटले. पोफळीला डोंगराच्या पोटात वीजघर कोरलेलं. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून पाणी खाली येतं आणि चाकं फिरवतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात पहिला संच सुरू झाला. तो सुरू होताना अण्णा कुठे उभे होते, त्यांच्या हातात कुठला पाना होता आणि साहेब काय म्हणाले, ही कथा आमच्या घरात सत्यनारायणापेक्षा जास्त वेळा झाली आहे. फरक एवढाच की हिला प्रसाद नव्हता. ‘कोयनेला असताना...’ एवढं ऐकू आलं की आई स्वैपाकघरात जायची, मला अभ्यास आठवायचा आणि धाकट्या बहिणीला पोटात दुखायचं. पुढे बदली होऊन अण्णा या गावात आले. तेव्हाचं औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. गाव बदललं, गावाचं नावही बदललं, पण कोयना तीच.

झटका आल्यावर कोयना बंद पडली. आणि कबूल करतो, पहिले काही दिवस ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आमच्यापुढे प्रश्न वेगळेच होते. अंघोळ, कपडे, दाढी. आयुष्यभर अण्णा पहाटे साडेपाचला दाढी करत आले. लाइनमनगिरी केली तरी गाल मॅनेजरचा! तीच दाढी आता आठ दिवसांची झाली होती. न्हावी घरी आणला, तर अण्णांनी डाव्या हाताने त्याची वाटी उडवली. मग मी पुढे झालो. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कोऱ्या फायलींवर न घाबरता सह्या केलेला माणूस मी. पण बापाच्या गालाला हात लावायची वेळ आली आणि बोटं जागची हलेनात. वडिलांच्या गालाला मी त्याआधी कधी हात लावला होता ते आठवेना. आमच्यात पाया पडायची पद्धत होती. त्याच्या वर हात जात नसे.

शेवटी सौ.ने एका ब्युरोला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दारात उमेदवार उभा राहिला. बारावी झालेला, रुग्णसेवेचा कोर्स नुकताच संपवलेला, डोक्याला तेल चोपडलेलं.

“अनुभव?” मी जुन्या सवयीने विचारलं.

“तुम्हीच पहिले, काका.”

पहिल्याच दिवशी वस्तरा घेऊन बसल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, माझा हात कापतो.”

“हात कापला तरी चालेल,” मी म्हणालो, “गाल कापू नकोस.”

त्याने वस्तरा ठेवून दिला आणि साधं प्लास्टिकचं रेझर काढलं. मग त्याने जे केलं ते आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. तो अण्णांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीत येईल असा स्टुलावर बसला आणि म्हणाला, “आजोबा, करू का दाढी?”

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. गेले महिनाभर आम्ही त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होतो. ‘त्यांना उठवा’, ‘त्यांना पाणी द्या’, ‘त्यांचं झालं का?’ जणू अण्णा म्हणजे घरातलं कपाट, आणि प्रश्न एवढाच की ते कुठल्या भिंतीला लावायचं. त्यांना स्वतःला कुणी काही विचारलंच नव्हतं.

“हां,” अण्णा म्हणाले. हा ‘हां’ मी पूर्वी ऐकला नव्हता.

उमेदवाराने आरसा त्यांच्या डाव्या हातात दिला. गरम पाण्याचा टॉवेल गालावर धरला. आधी चांगल्या बाजूची दाढी केली, मग लुळ्या बाजूची कातडी बोटाने ताणून हलकेच तिकडची. मध्येच अण्णांनी आरसा हलवून कल्ल्याकडे बोट केलं. कल्ला एका रेषेत नव्हता. उमेदवाराने मुकाट्याने दुरुस्ती केली. साहेब खूश झालेले दिसले.

मी रोज बघू लागलो. बघता बघता शिकूही लागलो. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. मी महिनाभर बरोब्बर उलटं करत होतो आणि वर अण्णाच सहकार्य करत नाहीत म्हणून चिडत होतो. भरवताना ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, घास छोटा, आणि गिळल्याशिवाय दुसरा नाही. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे सगळं एकवीस वर्षांचं पोरगं मला सांगत होतं आणि चुकलो की म्हणत होतं, “होईल काका, सवयीनं होईल.” हेच वाक्य मी कचेरीत नव्या कारकुनांना ऐकवत असे. फक्त ‘होईल’वर माझा स्वतःचा विश्वास नसे.

आता दुसऱ्या उमेदवाराकडे वळू. निवृत्त माणूस घरात चोवीस तास असला की तो सगळ्यांनाच जड होतो. म्हणून सौ.ने मला रविवारच्या वारसा सहली काढणाऱ्या मंडळींच्या हवाली केलं. तिथे मी वाटाड्याचा उमेदवार झालो. मानधन म्हणजे एक कप चहा. काम म्हणजे सगळ्यांच्या मागे चालायचं, मंडळी मोजायची आणि गळती लागू द्यायची नाही. तीन महिने मी डोकी मोजली. मग एक दिवस मुख्य वाटाड्याचा घसा बसला आणि मला बढती मिळाली. जागा होती पाणचक्की.

पाणचक्की म्हणजे आमच्या गावचं भूषण. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. दूरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून इथे आणलं आहे. ते उंच भिंतीवर चढतं आणि वरून हौदात कोसळतं. त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. ना कोळसा, ना धूर, ना विजेचं बिल. मलिक अंबरने 1610 साली इथे खडकी गाव वसवलं आणि पुढे नहरींचं पाणी खेळवलं, तेव्हापासून हे गाव पाण्याला कामाला लावत आलं आहे. हे सगळं मी कागदावर लिहून रोज अण्णांच्या खाटेशेजारी बसून घोकत होतो. अण्णा डोळे मिटून ऐकत. मधूनच ‘हां’ म्हणत. हा मात्र अक्कल नसल्याचा ‘हां’ होता.

शनिवारी रात्री उमेदवार म्हणाला, “काका, उद्या आजोबांनाही नेऊ या का?”

“त्यांना कसं न्यायचं? त्यांना झेपेल का?” मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. नुसता अण्णांकडे बघत राहिला. मग मला समजलं. मी स्टूल ओढलं, अण्णांसमोर बसलो आणि त्यांना विचारलं.

रविवारी चाकाच्या खुर्चीत अण्णा. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा, मागे उमेदवार. पुढे मी आणि माझ्यामागे तीसेक माणसं. मलिक अंबर ठीक पार पडला. नळ ठीक झाले. जात्यापाशी आलो आणि आठ-नऊ वर्षांच्या एका पोराने विचारलं, “काका, पण चाक कुठंय?”

कागदात हे नव्हतं. चाक खाली असतं एवढं ठाऊक होतं. मी घसा साफ केला आणि जत्रेतल्या पाळण्यासारखे हात वरून खाली मोठ्ठे फिरवत म्हणालो, “चाक आहे ना, खाली आहे. हे असं उभं—”

“आडवं!”

मी थबकलो. आवाज मागून आला होता. खणखणीत नव्हता, थोडा ओला, घसरलेला. पण शब्द स्वच्छ होता.

“आडवं,” अण्णा पुन्हा म्हणाले. त्यांनी डावा पंजा जमिनीला समांतर धरला आणि गोल फिरवला. मग बोट वर केलं, सरळ. खाली पाणी, पात्यांवर पाणी, वर दांडा, दांड्यावर जातं. तीसही माणसं गप्प उभी होती.

“म्हणजे खाली भिंगरी आणि वर जातं!” पोरगं ओरडलं. “मध्ये काहीच नाही!”

“हां!” अण्णा म्हणाले. या ‘हां’चा अर्थ लहान पोराला पहिल्या फटक्यात कळला.

परतताना रिक्षात मी अण्णांना म्हणालो, “अण्णा, कोयनेला पहिला संच सुरू झाला, तेव्हा तुम्ही नक्की कुठे उभे होता हो?” ही कथा मी हजारदा अर्धी ऐकली होती. शेवट मला खरोखरच ठाऊक नव्हता. अण्णांनी बोलायचा पुष्कळ प्रयत्न केला. शब्द आले नाहीत. पण डाव्या हाताने त्यांनी हवेत काहीतरी घट्ट पिळलं. पाना असावा.

दिवाळीनंतर आमचा उमेदवार नर्सिंगच्या कोर्सला गेला. जाताना त्याने अण्णांना नमस्कार केला आणि माझ्या हातात रेझर दिलं. “आता तुम्ही करा काका. उमेदवारी संपली तुमची.”

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी स्टूल ओढून अण्णांसमोर बसलो. आरसा त्यांच्या हातात दिला. टॉवेल गरम केला.

“अण्णा, करू का?”

“हां,” अण्णा म्हणाले.

दाढी झाल्यावर त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि उजव्या कल्ल्याकडे बोट दाखवलं. एका रेषेत नव्हता.

उमेदवारी वाढली.